राजाराम-तीनचं तेल

सूक्ष्मदर्शकातून बघायला रांग लागली, तेव्हाच अनघाला कळलं की आज आपलं कोणी ऐकणार नाही.

लखनौच्या महानगर वस्तीतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत मराठी मंडळाची दहाबारा माणसं जमली होती आणि सगळ्यांनी गुमान रांग धरली होती. बाबांचा जुना सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात ठेवला होता. एकेक जण वाकायचा, एक डोळा मिटायचा, जरा थांबायचा आणि "अरे वा!" म्हणून बाजूला व्हायचा. काय दिसलं ते कोणालाच समजत नव्हतं. पिवळट-तपकिरी ठिपके, एवढंच. पण देवळाच्या रांगेतून बाहेर पडताना, आत मला काही दिसलं नाही, असं कोणी कधी सांगतं का?

"बहुत सुंदर," नयनाकाकू खांबेटे म्हणाल्या. "म्हणजे हेच तेल ना, डॉक्टरसाहेब?"

"हे पराग आहेत, वहिनी. तेलाबरोबर वर आलेले."

"तेच ते."

बाबा हसले. नंदकुमार आठल्यांनी इथल्या जीवाश्मांच्या संस्थेत सारा जन्म काढला होता तो असल्याच ठिपक्यांच्या मागे. निवृत्तीनंतर त्यांना कोणी फारसं काही विचारत नसे. आज मात्र सगळं लखनौ मंडळ त्यांच्या शब्दावर कान लावून बसलं होतं आणि म्हातारा नाही म्हटलं तरी खुलला होता. अनघाला त्यांच्याकडे बघून भडभडून आलं. बाबा, आज नका ना खूश होऊ, असं तिला म्हणावंसं वाटलं.

प्रकरण साधं होतं. तिचा चुलतभाऊ अभिराम याची तेलाची छोटी कंपनी होती. गुजरातेत खंभातच्या बाजूला तीन विहिरी. वडील गेले तेव्हा अभिराम नऊ वर्षांचा होता. आई त्याच्याही आधी गेलेली. तेव्हापासून तो याच घरात वाढला. कंपनीला त्यानं वडिलांचंच नाव दिलं होतं, राजाराम एक्सप्लोरेशन. पहिल्या दोन विहिरी कोरड्या निघाल्या. तिसरीला, म्हणजे राजाराम-तीनला, तेल लागलं. रोज चारशे बॅरल, असं कंपनीनं शेअर बाजाराला कळवलं, आणि लखनौतल्या निम्म्या मराठी घरांनी शेअर घेतले. अभिरामकडे बघून नव्हे. अभिरामला ओळखतो कोण? डॉक्टरसाहेबांच्या घरातली कंपनी आहे, म्हणून.

मग भाव घसरला आणि दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून प्यायला लागली. एवढं तेल निघतं तर नफा कुठे आहे? भागधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रणधुमाळी. शेवटी बँकेतून निवृत्त झालेले तेलीबागेचे विश्वासराव खांबेटे स्वतः गाडीत बसून खंभातला गेले. तेलीबागेतला माणूस तेल बघायला निघाला म्हणून ग्रुपवर टिंगल झाली ती झालीच. विश्वासराव विहिरीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दिवसभर ठाण मांडून बसले आणि टँकरमागून टँकर भरून जाताना बघून परत आले. झालं, किती निघतं हा प्रश्न मिटला. पण लगेच दुसरी आवई उठली. म्हणे, विहिरीत तेल नाहीच, राजस्थानातून विकत आणून दाखवतात. आदल्या वर्षी दसऱ्याला अभिरामनं काकांकडे पहिल्या तेलाची बाटली पाठवली होती. ती देवघरात असायची आणि आई तिला रोज हळदकुंकू वाहायची. तीसुद्धा खोटी, अशी कुजबूज झाली.

तेव्हा विश्वासरावांनीच तोड काढली. शेअर बाजाराकडे करायच्या तक्रारीचा कागद सगळ्यांच्या सह्या घेऊन तयार होता. पण तो पाठवण्याआधी डॉक्टरसाहेबांनी बाटली तपासावी. ते जे म्हणतील ते आम्हाला मान्य. तेल खोटं निघालं तर तक्रार. खरं निघालं तर तक्रार फाडून टाकू आणि कंपनीनं जे नवे शेअर काढलेत, त्यांतही पैसे घालू. त्याची मुदत उद्या संपत होती.

बाबांनी उठून उभं राहत घसा साफ केला. शेजारी त्यांच्या जुन्या संस्थेतली नेत्रा उभी होती. नमुन्यांच्या काचा तिनं तयार केल्या होत्या.

"ही काच विहिरीतल्या खडकाची," बाबा म्हणाले. "खोदताना अभिराम थराथराचा चुरा मला पाठवत होता, तो मी जपून ठेवला होता. आणि ही बाटलीतल्या तेलाची. दोन्हींत त्याच झाडांचे पराग आहेत. ताडाच्या जातीची झाडं, पाचेक कोटी वर्षांपूर्वीची. राजस्थानातलं तेल असतं तर त्यात वेगळी मंडळी सापडली असती."

"म्हणजे, डॉक्टरसाहेब? सीधी बात सांगा."

"म्हणजे हे तेल त्याच खडकातलं आहे. बाहेरून आणलेलं नाही."

टाळ्या पडल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या अभिरामनं डोळे मिटून घेतले. ते अनघानं बघितलं. बेचाळीस वर्षांची ती, एका खाजगी बँकेत कर्जं मंजूर करायचं काम करायची. सुटलो म्हणून डोळे मिटणारा माणूस आणि आता पुढे काय म्हणून डोळे मिटणारा माणूस, यांतला फरक तिला कळत होता.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "किती निघतं, ते यात दिसतं का?"

"छे. ते परागांना काय ठाऊक?"

"मग तेही सांगा ना सगळ्यांना."

"हो, हो. हे बघा मंडळी, तेल किती आहे ते यावरून मला सांगता येणार नाही—"

"ते तुम्ही कशाला सांगता? ते मी सांगतो!" विश्वासराव हसत म्हणाले. "टँकर या डोळ्यांनी पाहिलेत मी. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?"

सगळे हसले. नेत्राला चौकच्या जुन्या बाजारात जायचं होतं; गावाहून आलेल्या आईला चिकनकारीचे कुर्ते घ्यायचे होते. दारापर्यंत सोडायला गेलेल्या अनघाला ती हळूच म्हणाली, "मॅडम, सरांनी जेवढं सांगितलं ना, तेवढंच आम्ही म्हटलंय हं. त्याच्या पुढचं काही नाही."

"मला कळतंय ते," अनघा म्हणाली. "या मंडळींना कोण सांगणार?"

*

अभिरामला तपासणीची भीती कधीच नव्हती. तेल त्याच विहिरीचं होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं बाटलीत भरलं होतं. वडिलांच्या नावाची विहीर, त्यातलं पहिलं तेल! त्या रात्री तो कामगारांबरोबर नाचला होता. भीती होती ती पुढच्या प्रश्नाची. आणि तो प्रश्न अनु विचारणार, हेही त्याला माहीत होतं. ती लहानपणापासून अशीच. पत्ते खेळतानासुद्धा शेवटचं पान उलटून बघायची.

काकांनी सूक्ष्मदर्शक उचलला. "जरा धर रे अभि, आत ठेवू."

आतल्या खोलीत, कपाटाशी, अभिराम एकदम वाकला आणि त्यानं काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काका नको नको म्हणत असताना त्याला हुंदका आला, आणि मग तो थांबेचना. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या खोलीत तो अजून नऊच वर्षांचा होता.

काकांनी त्याला उठवलं नाही. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "टँकरमध्ये काय असतं, अभि?"

या घरात त्यानं कधी मार खाल्ला नव्हता. काका नुसते वाट बघत बसायचे. काच फुटली असो की परीक्षेत दांडी गुल झालेली असो, एक प्रश्न विचारायचे आणि बसून राहायचे. त्यापुढे त्याला कधी खोटं बोलता आलं नाही. जगाला थापा मारताना त्याची जीभ अडखळत नसे, पण इथे अडखळायची.

"विहिरीतून चारशे बॅरल निघतं, काका. ते खोटं नाही."

"काय निघतं?"

"ते टँकरनं जातं, काका."

"काय निघतं, अभि?"

"पाणी." त्यानं डोळे पुसले. "सुरुवातीचे काही महिने चांगलं तेल होतं. कसम से. मग खालून पाणी चढलं. आता शंभरात पंच्याण्णव पाणीच."

"आणि टँकर?"

"ते पाणी टाकायला नेतात. कंत्राट दिलंय."

दाराशी अनघा उभी होती. तिनं दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसेल असं अभिरामला वाटलं होतं. तो दिसला नाही. ती घाबरलेली होती.

"आणि तू बाजाराला चारशे बॅरल तेल म्हणून कळवत राहिलास," ती म्हणाली. "दादा, तुला अक्कल आहे का?"

"आधी वाटलं, महिन्याभरात सुधारेल. मग पुढच्या महिन्यात वाटलं. एकदा लिहिलं की मग कमी कसं लिहायचं? भाव कोसळला असता. अनु, वरच्या थराला अजून हात लावलेला नाही. खालचा बंद करून वरचा उघडला तर विहीर उभी राहील. त्यालाच पैसे लागताहेत, म्हणून तर नवे शेअर."

"राहील का उभी?" काकांनी विचारलं. "मला सांग. तुझ्या मनाला काय वाटतं?"

अभिरामनं खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी रजया उन्हात घातल्या होत्या. हो म्हणावं, असं त्याला फार फार वाटलं.

"नाही वाटत," तो म्हणाला.

"बाहेर चल. सांग सगळ्यांना," अनघा म्हणाली.

"मला आत टाकतील, अनु. बाजाराला खोटं कळवलंय मी. आणि हे घर? हे पण बँकेकडे आहे."

"ते मी तेव्हाच ओरडून सांगत होते! गणपतीत, सगळ्या मंडळासमोर सांगितलं होतं, बाबा, घर गहाण टाकू नका म्हणून. तेव्हा सगळ्यांनी मलाच नावं ठेवली. चुलतभावाचं बरं बघवत नाही म्हणे हिला."

"अनघा, पुरे," काका म्हणाले. ते उठले होते. "तो नाही सांगणार. मी सांगतो."

"काका—"

"ती माणसं माझ्या तोंडाकडे बघून उद्या पैसे घालणार आहेत, अभि. विश्वासराव पेन्शनीवर जगतात. मी खरं बोललो आणि त्यातून हे व्हायचं? नाही. माझं उरलेलं वाक्य मला बोललं पाहिजे."

"काका, मी मरेन."

"मरणार नाहीस. मी तुझ्याबरोबर येईन, जिथे नेतील तिथे." त्यांनी अभिरामच्या गालावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "पण हे बोललं पाहिजे, बाळा."

*

कढईत पुरी सोडताना अनघाच्या आईच्या, लीलावतीच्या, हाताला चटका बसला, पण तिला तो कळलासुद्धा नाही. स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामध्ये एक जाळीची खिडकी होती. त्या घरात कोणाचं काय चाललंय हे तिला नेहमी त्या खिडकीतूनच कळायचं, आणि बहुतेक वेळा कळून न कळल्यासारखं करायचं हे तिचं धोरण होतं. संसार असाच तर चालतो.

पाणी. तिनं त्या बाटलीला रोज हळदकुंकू वाहिलं होतं.

राजारामभाऊजी गेले त्या हिवाळ्यात अभिराम या घरी आला तेव्हा तो बोलत नसे. रात्री तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. कुशीवर वळायचं तरी मूठ सोडवून घ्यावी लागे आणि मूठ सोडवली की तो दचकून उठे. अनघा तेव्हा पाच वर्षांची, ती रुसायची. आई माझी आहे ना, म्हणायची. लीलावती तिला समजवायची, तुला मी जन्मभर आहे गं, याला कोणी नाही. खरं सांगायचं तर तिनं मुलीवर अन्याय केला होता आणि तो तिला माहीत होता. अनघाच्या वाट्याचं थोडं काढून तिनं अभिरामच्या पानात वाढलं होतं, आणि तेव्हापासून मुलगी प्रत्येक गोष्टीत हिशेब मागत होती.

आता त्याला आत टाकणार. गजाआड. तिच्या डोळ्यांसमोर आला तो मोठा अभिराम नव्हता. ती मूठ होती.

दार उघडल्याचा आवाज आला. अहो चालले होते. त्यांची चाल तिला पाठ होती. खरं बोलायला निघाले की ते जरा जोरात पावलं टाकत. अठ्ठेचाळीस वर्षांत तिनं या माणसाला एकदाही अडवलं नव्हतं. संस्थेत वरिष्ठांशी भांडले, बढती गेली, तेव्हा नाही. घर गहाण टाकलं, तेव्हा नाही. ती नेहमी म्हणायची, यांच्या शब्दाला किंमत आहे, दुसरं काय आहे आपल्याकडे?

तिनं गॅस बंद केला. पुऱ्यांचं ताट उचललं. बाहेर जाऊन आपण काय करणार हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

*

पुढच्या खोलीत पानं मांडून झाली होती. मटारची उसळ, गाजराचा हलवा. कोणीतरी सकाळी चौकातून मक्खन मलाईचे, त्या थंडीतल्या गोड फेसाचे, मातीचे कुल्हड आणले होते, तेही पानांशेजारी मांडले होते. लग्नघरासारखा आवाज होता. नंदकुमार मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांना त्या आवाजाचीच लाज वाटली.

"जेवणाआधी एक सांगायचंय," ते म्हणाले. "मघाशी मी अर्धंच सांगितलं. तेल त्या विहिरीचं आहे, ते खरं. पण आता त्या विहिरीतून तेल येत नाही. पाणी येतं. विश्वासराव, तुम्ही जे टँकर पाहिलेत त्यांत पाणी होतं. मला आत्ता, आतल्या खोलीत कळलं. उद्या कोणी पैसे घालू नका. तक्रार पाठवायची असेल तर पाठवा. मी सही करतो."

नयनावहिनींच्या हातातलं कुल्हड तसंच राहिलं.

"काय बोलताय, डॉक्टरसाहेब?" विश्वासराव हळू म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत्ता तर तुम्ही... आम्ही सगळ्यांनी बघितलं. अभिराम? अरे, तू तरी बोल काहीतरी."

अभिराम आतल्या दारात उभा होता. त्याचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर त्यानं खरं सांगितलं असतं, असं नंदकुमारांना वाटलं. मुलगा सांगायच्या बेतात होता.

"अहो, बसा बरं तुम्ही," मागून लीलावतीचा आवाज आला.

ती पुऱ्यांचं ताट घेऊन आली होती. तिनं ते टेबलावर ठेवलं, पदरानं हात पुसले आणि विश्वासरावांकडे बघून म्हणाली, "भावजी, मनावर घेऊ नका. हल्ली त्यांचं असं होतं."

"असं म्हणजे?"

"घटकेत एक, घटकेत एक. आम्ही बाहेर बोललो नाही कोणाला. परवा इथे जवळच, कपूरथळ्याच्या बाजारात सब्जी आणायला गेले आणि रिक्षावाल्याला घरच सांगता येईना. भलत्याच गल्लीत उतरले. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे, चालायचंच."

नंदकुमार तिच्याकडे बघतच राहिले. परवा ते भलत्या गल्लीत उतरले होते, हे खरं. रिक्षात बसलेल्या एका जुन्या सहकाऱ्याशी गप्पा रंगल्या, म्हणून त्याच्याबरोबर पुढे गेले आणि चालत घरी आले. ते त्यांनी लीलाला हसत हसत सांगितलं होतं, आणि तीही हसली होती. डॉक्टरकडे तर ते वर्षभरात गेलेच नव्हते.

"अरेरे," कोणीतरी म्हणालं. आणि मग खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. त्यांना तो स्पष्ट ऐकू आला. पाणी आहे, यापेक्षा म्हातारा भ्रमिष्ट आहे, हे त्या सगळ्यांना किती सोपं होतं!

"काकू खरं बोलतेय," अभिराम म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता, पण आता तो फुटला होता. "गेल्या वर्षापासून. मी आत त्यांना पुढच्या थराचं सांगत होतो. पाणी वगैरे लागू शकतं, असं. त्यांनी त्याचं हे केलं."

"झूठ!" अनघा ओरडली. "खोटं बोलतोय हा! खांबेटेकाका, मी होते तिथे. माझ्यासमोर त्यानं सांगितलं. बाबांचं डोकं तुमच्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे. आई, तू काय बोलतेयस हे? आई!"

लीलावतीनं मान वर केली नाही. ती पुऱ्या मोजल्यासारख्या नीट लावत होती.

"अनघा बेटा," विश्वासराव म्हणाले. आवाज समजुतीचा होता. "तुझं आणि अभिरामचं घरावरून काय आहे, ते आम्ही गणपतीत ऐकलंय. आता आईलाही खोटं पाडणार का तू? वहिनी नवऱ्याबद्दल असं उगीच बोलतील? कोणती बाई बोलेल, सांग."

अनघा नंदकुमारांसमोर आली आणि त्यांचे दोन्ही दंड धरून म्हणाली, "बाबा, परत सांगा. तुम्ही सांगा. पूर्ण सांगा, डोळे भरून आले तरी चालेल, पण सांगा."

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

नंदकुमारांनी अनघाच्या खांद्यावरून लीलावतीकडे बघितलं. ही बाई भाजीवाल्याशी घासाघीस करताना पलीकडच्या दुकानातला भावसुद्धा खोटा सांगत नसे. तिचा हात ताटाच्या कडेवर होता आणि बोटांवर ताजा फोड आला होता. आता आपण एक वाक्य बोललो, की या भरल्या खोलीत ती नवऱ्याला वेडा ठरवणारी बाई होणार. मंडळात, बाजारात, हळदीकुंकवाला, मरेपर्यंत. आपण गप्प राहिलो, तर विश्वासराव बुडणार. या खोलीतला प्रत्येक जण बुडणार, आणि अभिही बुडणारच, फक्त थोडा उशिरा. त्यांना हे सगळं अगदी लख्ख दिसत होतं. त्यांचं डोकं इतकं स्वच्छ कधीच चाललं नव्हतं.

बोल, असं ते स्वतःला म्हणाले. बोल की.

लीलावतीनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. क्षमा मागत नव्हती ती. ती फक्त बघत होती.

"असेल," नंदकुमार म्हणाले. "माझ्याच डोक्यात काहीतरी गडबड झाली असेल."

अनघानं त्यांचे दंड सोडले. तिनं खुर्चीवरची पर्स उचलली, चपला हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी पायऱ्या उतरून गेली. तिला कोणी थांबवलं नाही.

"होतं, डॉक्टरसाहेब, होतं," विश्वासराव म्हणाले. त्यांनी खिशातून चौकोनी घडी केलेला तक्रारीचा कागद काढला, सगळ्यांसमोर दोनदा फाडला आणि लगेच ग्रुपवर निरोप लिहायला घेतला. तेल खरं आहे. उद्याच्या आत सगळ्यांनी पैसे भरावेत. मग फोन ठेवून ते नंदकुमारांच्या जवळ आले. "आमच्या ओळखीचा एक चांगला डॉक्टर आहे, मेंदूचा. मी घेऊन जाईन तुम्हाला. ठीक आहे ना? जाऊ या ना?" ते प्रत्येक शब्द सावकाश आणि मोठ्यानं उच्चारत होते. तासाभरापूर्वी हाच माणूस त्यांच्यासमोर रांगेत उभा होता.

"जाऊ," नंदकुमार म्हणाले.

नयनावहिनींनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. गुडघ्यांवर रुमाल पसरला. पंगत पुन्हा सुरू झाली, आधी दबकी, मग हळूहळू पहिल्यासारखी. अभिराम वाढत होता. काकांच्या पानाशी आला तेव्हा उसळ पानाबाहेर, टेबलावर सांडली. त्यानं ती पुसून घेतली आणि तो पुढे गेला.

नंदकुमारांचे हात मांडीवरच होते.

लीलावती त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनं पुरीचा तुकडा मोडला, उसळीला लावला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. सगळे बघत होते. कौतुकानं, हळहळीनं.

"घ्या," ती म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं.